समजलेलें यंत्र

मनुष्याचें जुन्या वस्तूंवर प्रेम असतें तें त्या वस्तूंच्या अंगच्या गुणांमुळें, कीं त्यांच्या संगतींत आपण एके काळीं तरुण होतों या आठवणीमुळें, हा प्रश्न कांहीं नवा नाहीं. परंतु आमच्यावर तो ज्या निमित्तानें ओढवला तें निमित्त थोडें चमत्कारिक आहे. आजोबांची काठी, आईचें जातें, वडिलांच्या हातचा जमाखर्च, अशा वस्तूंचा लोभ धरणें समाजांत सभ्यपणाचें समजलें जातें. त्यास कोणी हंसत नाहीं. आमचा लोभ मात्र एका संगणकभाषेवर जडलेला आहे, व तीहि अशी कीं, जिचें नांव काढतांच त्या शास्त्रांतील जाणते लोक आधीं हंसतात आणि मग दयार्द्र होतात. ती भाषा म्हणजे ‘बेसिक’.

आमचें वास्तव्य लाखनीस असतें. नागपुराहून रायपुराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भंडारा मागें टाकून साकोलीकडे निघाला म्हणजे मध्यें हें गांव लागतें. भोंवतालीं धानाच्या बांध्या, मधून मधून तलाव, आणि पावसाळ्याचे चार महिने आकाशाकडे लागलेले डोळे, असें येथील जीवन आहे. शाळेंत गणित शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. निवृत्त झाल्यावर दिवेलागणीनंतर तासभर, मुलानें दिलेल्या संगणकावर जुन्या ‘जीडब्ल्यू-बेसिक’ची हुबेहुब नक्कल करणारी आज्ञावली उघडून बसावें, असा क्रम पडून गेला आहे. काळा पडदा, त्यावर करड्या अक्षरांत ‘ओके’ हा शब्द, आणि त्याखालीं आमच्या आज्ञेची वाट पाहत लुकलुकणारी एक आडवी रेघ. गेल्या दिवाळींत पुण्याहून आलेली आमची बारा वर्षांची नात बराच वेळ मागें उभी राहून हें पाहत होती. शेवटीं तिनें विचारलें, “आजोबा, ह्याच्यात करायचं काय असतं?” आम्हीं कांहींतरी उत्तर दिलें, पण तें तिला पटलें नाहीं आणि, खरें सांगावयाचें तर, आम्हांसहि पटलें नाहीं. पुढील मजकूर त्या न पटलेल्या उत्तराच्या पोटीं जन्मास आला आहे.

ज्या वाचकांचा या विषयाशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. यंत्राकडून काम करून घ्यावयाचें तर त्यास क्रमवार आज्ञा द्याव्या लागतात. जुन्या बेसिकमध्यें प्रत्येक ओळीस एक क्रमांक असे. १० व्या ओळींत ‘इनपुट’ म्हणून संख्या विचारावी, २० व्या ओळींत ‘लेट’ म्हणून तिचा वर्ग करावा, ३० व्या ओळींत ‘प्रिंट’ म्हणून तो पडद्यावर उमटवावा, आणि ४० व्या ओळींत ‘गोटू १०’ असें लिहून यंत्रास पुन्हा आरंभास पाठवावें. झाली आज्ञावली. मग ‘रन’ असा शब्द उमटविला कीं यंत्र निघालें. ‘लिस्ट’ म्हटलें कीं सर्व ओळी पुन्हा डोळ्यांपुढें. क्रमांक दहा दहांच्या अंतरानें देण्याची चाल होती. कारण मागाहून एकादी विसरलेली गोष्ट आठवली तर १० व २० यांच्या मध्यें १५ ला जागा असावी. स्वतःच्या विसरभोळेपणाची सोय आधींच करून ठेवणारी ही रीत आम्हांस त्या वेळीं फार शहाणपणाची वाटली, व अजूनहि वाटते.

या भाषेचा जन्म १ मे १९६४ रोजीं पहांटे चारच्या सुमारास अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयांत झाला. जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ हे तेथील दोन गणिताचे अध्यापक. केमेनी मूळचे बुडापेस्टचे; तरुणपणीं ते आइन्स्टाइनचे गणितांतील साहाय्यक होते. त्या काळीं संगणक म्हणजे खोलींत कोंडून ठेवलेलें दैवत असे, आणि त्याच्या दर्शनास पुजाऱ्यांमार्फत जावें लागे; छिद्रें पाडलेलीं पत्रें नेऊन द्यावयाचीं व निकालासाठीं ताटकळत बसावयाचें. या दोघांचें म्हणणें असें कीं, आपल्या महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थी कांहीं गणित वा विज्ञान शिकणारे नव्हेत. तरीहि पुढें हेच लोक कारभार चालवितील. तेव्हां यंत्र काय करूं शकतें व काय करूं शकत नाहीं याचा अनुभव त्यांनींहि घेतला पाहिजे. म्हणून त्यांनीं एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वांटून देण्याची व्यवस्था केली, आणि तिजबरोबर ही सोपी भाषा रचिली. ग्रंथालयांत जाऊन पुस्तक काढावें तितक्या सहजतेनें विद्यार्थ्यानें संगणकापाशीं बसावें, अशी त्यामागची दृष्टि होती. भाषेच्या सोपेपणामागें असा एक सामाजिक हेतु होता, हें तिला हंसणारे बहुधा विसरतात.

पुढें १९७५ सालीं बिल गेट्स व पॉल ॲलन यांनीं ‘आल्टेअर’ नांवाच्या छोट्या यंत्रासाठीं बेसिकचा एक आटोपशीर अवतार लिहिला, आणि त्यानंतरचीं दहा-बारा वर्षें बहुतेक घरगुती संगणकांत कळ दाबतांच प्रथम बेसिकच समोर येई. आमच्या देशांत ती शाळांतून आली. केंद्र सरकारनें १९८४ च्या सुमारास सुमारें अडीचशें शाळांत संगणकशिक्षणाचा प्रयोग सुरू केला व त्यासाठीं ‘बीबीसी मायक्रो’ हीं ब्रिटिश बनावटीचीं यंत्रें निवडलीं. त्या यंत्राची स्मृति ३२ किलोबाइट. आज भ्रमणध्वनीनें काढलेलें एक छायाचित्र त्याच्या शंभरपट जागा सहज अडवितें. आमच्या शाळेस अर्थातच तें भाग्य लाभलें नाहीं. आम्हांस बेसिक भेटली ती १९८७ च्या उन्हाळ्यांत नागपुरास, शिक्षकांसाठीं भरविलेल्या तीन आठवड्यांच्या एका वर्गांत. नागपूरचा मे महिना. सबंध इमारतींत गारवा तेवढा यंत्रांच्या खोलींत, आणि त्या खोलींत चपला बाहेर काढून जावयाचें. केमेनी-कुर्ट्झ यांनीं दैवत गाभाऱ्यांतून बाहेर काढलें होतें. आमच्याकडे आलें तें पुन्हा सोंवळें नेसूनच आलें.

आतां विद्वानांचा आक्षेप. हॉलंडचे एड्स्गर डायक्स्ट्रा हे संगणकशास्त्रांतील मोठे अधिकारी पुरुष. ‘गोटू’सारख्या आज्ञेमुळें आज्ञावली समजण्यास दुर्घट होते, असें त्यांनीं १९६८ सालीं एका नियतकालिकास लिहिलेल्या पत्रांत प्रतिपादिलें, आणि १९७५ च्या एका टिपणांत तर, ज्यांच्या मनावर आधीं बेसिकचे संस्कार झाले त्यांस चांगली आज्ञावली लिहावयास शिकविणें जवळ जवळ अशक्य आहे, असा कठोर निकाल दिला. विधान अतिशयोक्तीचें आहे. पण तें अगदींच खोटें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. आमच्या जुन्या वह्या साक्षीस आहेत. ३२० वरून ९० वर, ९० वरून ५१० वर, तेथून परत ३३० वर, अशी त्यांत लग्नघरांतील पोरांसारखी धांवपळ चालली आहे. सहा महिन्यांपूर्वीं लिहिलेली आज्ञावली आमची आम्हांसच उलगडत नसे. यावर बेसिकचे अभिमानी सांगतात कीं, याच भाषेवर वाढलेल्या लोकांनीं पुढें मोठमोठीं कामें केलीं. हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. वाईट रस्त्यानेंहि पुष्कळ लोक गांवास पोहोंचतात. तेवढ्यानें रस्ता चांगला ठरत नाहीं.

दुसरा आक्षेप घरचा आहे, व म्हणून अधिक बोंचणारा आहे. मुलगा म्हणतो, “बाबा, तुम्हाला बेसिक आवडत नाही, तुम्हाला अठ्ठावीस वर्षांचं असणं आवडतं.” हा आक्षेप खरा कीं खोटा हें तपासण्यासाठीं आम्हीं एक कसोटी योजिली. त्या काळाच्या आठवणींतून आपण काय काय गाळतों, तें प्रामाणिकपणें पाहावें. थोडा वेळ तसें केलें असतां पहिल्यानें किरकोळ गोष्टी वर आल्या. तबकडीस बुरशी लागून तीन महिन्यांचें काम बुडालें होतें तें. आज्ञावली अर्धी टंकली असतां वीज जाई व सर्व ओळी नाहींशा होत तें. हीं दुःखें आज सांगतांना गोड लागतात, म्हणून त्यांची गणना आम्ही करीत नाहीं. परंतु त्याखालीं एक गोष्ट निघाली ती गोड लागण्यासारखी नव्हती.

नागपूरच्या त्या वर्गांत आम्ही एकतीस शिक्षक होतों व यंत्रें दोन होतीं. पैकीं दोन शिक्षिका होत्या. यंत्रापुढील खुर्चीसाठीं रोज सकाळीं जी धांदल होई तींत त्या दोघी कधींच पुढें आल्या नाहींत. भिंतीशीं उभ्या राहून वहींत लिहीत. त्यांतील एकीनें मूळसंख्या काढण्याची आज्ञावली आम्हां सर्वांच्या आधीं, कागदावर, बिनचूक लिहिली होती. ती यंत्रांत घालून ‘रन’ म्हटलें तें आम्हीं; आणि पडद्यावरून संख्यांची रांग सरकूं लागली तेव्हां पाठीवर थाप पडली तीहि आमच्याच. तीन आठवड्यांत त्या बाईंचा हात कळांस लागल्याचें आम्हांस आठवत नाहीं. बेसिक ही सर्वांची भाषा होती, असें आम्ही आजवर अनेकदां अभिमानानें सांगितलें आहे. त्या ‘सर्वां’त कोण होतें, हें मात्र आम्हीं सांगितलें नव्हतें. यंत्रापाशीं बसावयास मिळालेल्यांनीं लिहिलेला हा आठवणींचा इतिहास आहे. भिंतीशीं उभे राहिलेल्यांस बेसिकची ओढ लागलेली आम्हीं पाहिली नाहीं.

असें असतांहि, आमचा लोभ केवळ तारुण्याचा आहे असें म्हणून आम्ही मोकळे होऊं शकत नाहीं. कारण त्यांत एक दुसरा धागा आहे, व तो उलगडण्यासाठीं एक प्रसंग सांगितला पाहिजे.

सन १९९३ मध्यें येथील एका सहकारी संस्थेनें संगणक घेतला आणि सभासदांच्या कर्जाचें व्याज काढण्याची आज्ञावली आम्हीं लिहून द्यावी असें ठरलें. आम्हीं ती बेसिकमध्यें लिहिली. सुमारें शंभर ओळी होत्या. पुढील जानेवारींत शेजारच्या खेड्यांतील एक वृद्ध शेतकरी शाळेच्या ओसरीवर येऊन बसला. त्याच्याकडे तीन हजारांचें कर्ज होतें, दर साल दर शेंकडा १२. धान विकून त्यानें महिन्याच्या दुसऱ्या तारखेस अकराशें रुपये भरले होते. पांच तारखेपर्यंत आलेला हप्ता आधीं वजा करावा व मग उरल्या रकमेवर महिन्याचें व्याज मोजावें, असा संस्थेचा नियम होता. म्हणजे १,९०० रुपयांवर १९ रुपये. त्याच्या हातांतील चिठ्ठीवर ३० रुपये छापलेले. लिपिकानें त्यास सांगितलें होतें कीं, हें कॉम्प्युटरनें काढलें आहे, त्यांत चूक होत नसते. म्हातारा शांतपणें आम्हांस म्हणाला, “गुरुजी, त्या मशिनले हिसाब शिकवला कोनं?” आम्हीं शिकविला, असें म्हणावें लागलें. “मंग तुमीच पाहा ना जी.”

त्या रात्रीं संस्थेच्या कचेरींत बसून आम्हीं ‘लिस्ट’ म्हटलें. कारण सांपडावयास पाव तास पुरला. १८० व्या ओळींत व्याज मोजलें जात होतें आणि हप्ता वजा होत होता तो २४० व्या ओळींत. यंत्रानें आमच्या आज्ञेप्रमाणें आधीं व्याज धरलें व मग हप्ता वजा केला. त्याचा कांहीं दोष नव्हता. २४० वी ओळ खोडून तीच आज्ञा आम्हीं १७५ व्या ओळींत घातली. मध्यें जागा सोडून ठेवण्याची चाल अशी कामास आली. दुसऱ्या दिवशीं म्हाताऱ्यास अकरा रुपये परत मिळाले, आणि आम्हीं त्यास कागदावर त्या दोन ओळी दाखवून चूक कोठें होती तें समजाविलें. इंग्रजी अक्षर त्यास ठाऊक नव्हतें. पण ‘आधीं’ आणि ‘नंतर’ हें त्यास ताबडतोब समजलें.

हा प्रसंग आम्हीं गेल्या तीस वर्षांत किती लोकांस सांगितला असेल याची गणती नाहीं. जुन्या यंत्राची थोरवी सांगावयाची झाली कीं तो आमच्या तोंडीं येतोच: पाहा, चुकीला ओळ होती, ओळीला क्रमांक होता, आणि क्रमांक लिहिणारा माणूस गांवांतच राहत होता! पण वर सांगितलेल्या कसोटीस तो लावला असतां त्याचेंहि एक गाळलेलें शेपूट हातीं आलें. चूक दुरुस्त केल्यावर त्याच रात्रीं आम्हीं सर्व खातीं पुन्हा मोजून पाहिलीं होतीं. त्या म्हाताऱ्याखेरीज आणखी ३७ सभासदांकडून जास्त व्याज घेतलें गेलें होतें; कोणाकडून चार रुपये, कोणाकडून सव्वीस, एकूण ४१२ रुपये. ती यादी घेऊन आम्ही व्यवस्थापकांकडे गेलों. ते म्हणाले, “जो मागेल त्याला देऊन टाका. न मागणाऱ्याला उगाच सांगून संस्थेची अब्रू कशाला घालवायची?” आम्हीं यादी घडी घालून खिशांत ठेविली. आमच्या मेहनतान्याचे पैसे अजून त्यांच्याकडून यावयाचे होते, हेंहि सांगून टाकलेलें बरें. त्या ३७ जणांपैकीं मागावयास कोणी आलें नाहीं. येणार तरी कसें? हिशेब मशिननें काढला होता.

यंत्र समजणें आणि न्यायानें वागणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें इतकें उघड असतां आमच्यासारखा मनुष्य त्यांची इतकीं वर्षें गल्लत कां करीत राहिला, याचें आम्हांस आज नवल वाटतें. जुन्या यंत्राचें गुणगान करतांना आम्ही नकळत जुन्या आमचें गुणगान करीत होतों.

येथें आमच्या जिल्ह्यांतील तलावांची आठवण होते. भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. यांतील पुष्कळसे तलाव मालगुजारी अमदानींतले. ते बांधण्यांत कोहळी समाजाच्या लोकांचें कसब प्रसिद्ध आहे. पाळ कोठें आहे, तुडूम कोठें आहे, तें उघडलें कीं पाणी प्रथम कोणत्या बांधींत उतरतें, हें गांवांतील पोरासहि ठाऊक असे. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि कित्येक गाळानें भरून गेले. त्यानंतर मोठीं धरणें आलीं. आमच्याच जिल्ह्यांत वैनगंगेवर गोसीखुर्दचें धरण आहे, त्याची कोनशिला १९८८ सालीं बसली. मोठ्या धरणाचें पाणी कालव्यास केव्हां सुटेल हें शेतकऱ्यास वर्तमानपत्रांत वाचावें लागतें. हें पाहून, जुने तलाव किती चांगले, असें म्हणण्याचा मोह होतो, आम्हांसहि होतो. परंतु मालगुजाराच्या बांध्यांस आधीं पाणी मिळत नव्हतें, असें कोणी सांगूं लागला तर आम्ही विश्वास ठेवणार नाहीं. तुडूम सर्वांच्या डोळ्यांदेखत उघडे, म्हणून वांटणी समान होई असें नाहीं. फरक एवढाच कीं, ती असमान झाली तर कोणाच्या दारांत जाऊन ओरडावयाचें, तें ठाऊक असे. अन्यायास पत्ता असे. म्हातारा आमच्या ओसरीवर येऊन बसला तो याच कारणानें.

बेसिकच्या उपासकांत सध्यां दोन पंथ आहेत. एक जुन्यांतल्या जुन्याचा. त्यास ओळींचे क्रमांक हवेत, आठ बिटांचें यंत्र हवें, आणि शक्य असेल तर तें मूळचेंच, पिवळ्या पडलेल्या कळांसकट हवें. दुसरा पंथ ‘क्यूबी६४’, ‘फ्रीबेसिक’ अशा नव्या अवतारांचा. त्यांत क्रमांकांची गरज नाहीं, ‘गोटू’वांचून सर्व चालतें, आणि आजच्या यंत्राची सगळी शक्ति वापरतां येते. पहिला पंथ दुसऱ्यास बाटलेला म्हणतो, दुसरा पहिल्यास खुळा म्हणतो. गंमत अशी कीं, ज्यांनीं ही भाषा निर्माण केली त्यांस हा वाद मुळींच मान्य झाला नसता. केमेनी व कुर्ट्झ यांनीं डार्टमथच्या बेसिकमध्यें सुधारणा चालूच ठेविल्या होत्या. लहान यंत्रांतून बाजारांत पसरलेली, क्रमांकांची व ‘गोटू’ची बेसिक पाहून त्यांस खेद झाला, आणि १९८५ सालीं त्यांनीं ‘ट्रू बेसिक’ या नांवानें शुद्ध स्वरूप पुढें आणिलें. म्हणजे आम्ही ज्या रूपाची पूजा करतों तें निर्मात्यांच्या मतें विडंबन होतें! केमेनी १९९२ मध्यें वारले, कुर्ट्झ २०२४ मध्यें. दोघांपैकीं कोणीहि जुन्याचा शोक करीत बसल्याचें दिसत नाहीं. त्यांस हेतु प्रिय होता. आम्हांस साधन प्रिय आहे.

आम्ही पहिल्या पंथाचे. त्यामुळें २०२० च्या मे महिन्यांत मायक्रोसॉफ्ट कंपनीनें जीडब्ल्यू-बेसिकचा मूळ मजकूर, १९८३ सालचा, सर्वांस पाहण्यासाठीं खुला केला तेव्हां आम्हांस झालेला आनंद वर्णन करतां येत नाहीं. टाळेबंदीचे दिवस होते. वेळच वेळ होता. ज्या यंत्रांत आपला जन्म गेला त्याचें पोट आतां उघडून पाहूं, अशा भावनेनें आम्ही बसलों. तो मजकूर बेसिकमध्यें नाहीं. यंत्राच्या अगदीं जवळच्या, अत्यंत अवघड अशा असेंब्ली भाषेंत आहे. हजारों ओळी. पहिल्या संध्याकाळीं दोन पानें वाचलीं. आठवडाभरानें पांच झालीं. मग आम्ही थांबलों. आम्हांस त्यांतलें जवळ जवळ कांहींच समजलें नाहीं.

हा धक्का लहान नव्हता. आम्ही आजवर म्हणत आलों कीं, जुनें यंत्र आम्हांस पूर्ण समजत होतें व नवें समजत नाहीं. वस्तुतः जुनेंहि समजत नव्हतें. आम्ही ‘प्रिंट’ म्हणत होतों आणि अक्षर उमटत होतें. मध्यें जें घडत होतें तें आमच्यासाठीं तेव्हांहि काळोखांतच होतें. समजत होत्या त्या फक्त आम्हीं स्वतः लिहिलेल्या शंभर ओळी. मग हरवलें तें काय? आमच्या मतें यंत्राची पारदर्शकता नव्हे. ‘हें मीं लिहिलें आहे’ असें म्हणणारा मनुष्य हरवला, आणि त्याच्यापर्यंत चालत जाण्याची वाट हरवली. महाराष्ट्रांत २००१ पासून ‘एमएस-सीआयटी’चे वर्ग गांवोगांव निघाले, आमच्या हजारों विद्यार्थ्यांस त्यांचा फायदा झाला, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, पण त्यांत मुलगा दुसऱ्यानें केलेलें वापरावयास शिकतो. वापरणें वाईट नव्हे. मात्र नुसत्या वापरणाऱ्यास, यंत्राला हिशेब कोणीं शिकविला, हा प्रश्न सुचत नाहीं.

तो प्रश्न इंग्रजी अक्षर न ओळखणाऱ्या त्या म्हाताऱ्यास सुचला होता, आणि तोहि बेसिक न शिकतां, हें कबूल केलें पाहिजे. येथें आमचा सगळा युक्तिवाद थोडा लंगडा पडतो.

गेल्या वर्षीं आमच्या ओळखीच्या एका विधवा बाईंचा अर्ज एका कचेरींतून तीन वेळां परत आला. आम्ही बरोबर गेलों. खिडकीमागचा तरुण सुस्वभावी होता, त्यानें पुनःपुन्हा प्रयत्न केला, आणि शेवटीं तो म्हणाला, “काका, सिस्टीम घेत नाहीये.” कां घेत नाहीं? त्यास ठाऊक नव्हतें. कोणास ठाऊक असेल? तेंहि ठाऊक नव्हतें. आम्हांस राग आला. घरीं येऊन आम्हीं तावातावानें सांगितलें कीं, आमच्या वेळीं असें नव्हतें. आमच्या वेळीं संस्थेच्या लिपिकानें म्हाताऱ्यास हेंच उत्तर दिलें होतें, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशीं आठवली नाहीं. ती आठवली हें लिहावयास बसल्यावर.

दिवाळीची सुट्टी संपण्याच्या आदल्या दिवशीं नातीला दाखविण्यासाठीं आम्हीं ती व्याजाची आज्ञावली जुन्या वहींतून पाहून पुन्हा यंत्रांत घातली. आधीं चुकलेली, मग सुधारलेली. तिला खेळ आवडला. १९ चे ३० होतात व ३० चे १९ होतात हें तिनें सातआठ वेळां करून पाहिलें. मग वहींतून घडी घातलेला तो कागद खालीं पडला; दोन्ही कडांस भोंकें असलेला, शाई पुसट झालेली. ही नांवें कोणाचीं, असें तिनें विचारलें, आणि आम्हीं या खेपेस सर्व सांगितलें, मेहनतान्याचें देखील. ती थोडा वेळ गप्प राहिली. “ह्यातले अजून किती जण आहेत?” आम्हीं म्हटलें, बरेच जण वारले असतील. “आणि त्यांची मुलं?” असें म्हणून तिनें पेन्सिल घेतली, व एकेक नांव मोठ्यानें वाचून, हा कोण, कुठें राहतो, असें विचारीत खुणा करूं लागली. जेवावयास बोलावणें येईपर्यंत नऊ नांवांपुढें खूण झाली. त्यांतलीं दोन घरें आमच्याच आळींत आहेत.